चष्म्याची आणेवारी

माणिकआबा रोज सकाळी सहा वाजता चष्म्याला बटाटा चोळतात.

कच्चा बटाटा, मधोमध कापलेला. उजव्या काचेला एक फोड, डाव्या काचेला दुसरी. एकाच फोडीत दोन्ही काचांचं भागणार नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, शास्त्र हाय त्यात." या शास्त्राची पुढची पायरी त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. चोळून झालेल्या दोन्ही फोडी सिंधूवहिनी, म्हणजे आबांची मंडळी, धुऊन रश्श्यात टाकतात. "चष्मा बी निघतो आन् कालवण बी हुतं," असं त्या कौतुकाने सांगतात. आबांच्या घरी जेवायचा योग आला की मी बटाटा ताटाच्या कडेला सारून ठेवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मोटारसायकल चालवताना चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून. माणसं चंद्रावर जाऊन आली, पण हेल्मेट घातलेल्या चष्मेवाल्या माणसाचं कुणी काही बघितलं नाही, ही आबांची जगाबद्दलची मुख्य तक्रार आहे. बाकी किरकोळ तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्या ते रविवारी करतात.

आमची ओळख नोकरीतली. बारामतीत माती-पाणी तपासून देणारी एक छोटी खासगी प्रयोगशाळा आहे. शेतकरी पिशवीतून माती आणतो, आणि त्याच्या मातीत काय नाही हे आम्ही त्याला कागदावर लिहून देतो. कागद टाइप करायचं काम माझं. माती वाळवायचं, कुटायचं, चाळायचं आणि काचेची भांडी धुवायचं काम आबांचं. बावीस वर्षं माती चाळल्यामुळे आबा स्वतःला शास्त्रज्ञ समजतात. आमच्या साहेबांकडे पदवी आहे आणि आबांकडे चाळणी आहे, आणि शेतकरी बाहेर पडताना सल्ला विचारतात तो आबांना.

आबा राहतात निरवांगीला, नीरा नदीच्या काठी. मी लासुर्ण्याचा. निरवांगीहून बारामतीला येताना माझं गाव वाटेतच लागतं. आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की मग या दोघांची सोयच झाली. रोज सकाळी मी रस्त्याच्या कडेला यष्टीची, नाहीतर वडापच्या जीपची वाट बघत उभा असतो. आबांची मोटारसायकल येते. मागची सीट रिकामी असते. मी हात करतो, आणि आबा माझ्यासमोरून राजाची स्वारी जावी तसे निघून जातात. तासाभराने मी घामाघूम होऊन प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा ते चाळणी हलवत म्हणतात, "तुमी हुता व्हय तितं? चष्म्यावर धुकं हुतं. दिसला न्हाय."

धुक्यातून माणूस दिसत नाही हे मी समजू शकतो. पण त्याच धुक्यातून त्यांना रस्त्यात आडवी आलेली कोंबडी कशी दिसते, हे त्यांच्या शास्त्राने मला अजून सांगितलेलं नाही.

तर हे धुकं. थंडीत आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पाणी दिलेला ऊस असतो, मध्येच कालवा लागतो, आणि सकाळी असा गारठा असतो की हँडल धरलेली बोटं आपली आहेत का शेजाऱ्याची हे कळत नाही. त्यात आबांचं हेल्मेट पूर्ण तोंडाचं, हनुवटीसकट झाकणारं. आतला श्वास बाहेर जायला वाट शोधतो, ती सापडली नाही की वर चढतो आणि गार काचेवर जाऊन बसतो. बाहेरची काच वर केली तर डोळ्यांत चिलटं आणि उसाचं कुसळ जातं. खाली केली तर दोन मिनिटांत सगळं पांढरं.

यावर सोपा उपाय म्हणजे अर्धं हेल्मेट. तोंड उघडं, श्वास मोकळा. हा उपाय मी सुचवला, साहेबांनी सुचवला, माती तपासायला आलेल्या निम्म्या शेतकऱ्यांनी सुचवला. आबांचं उत्तर ठरलेलं. "अर्धं हेल्मेट म्हंजे अर्धं डोकं." एकदा एका शेतकऱ्याने, तो माळेगावचा होता, सरळ विचारलं, "आवो आबा, तोंड झाकून असं काय लपवायचंय तुमाला?" आबांनी त्याच्या मातीचा नमुना दोन दिवस तसाच ठेवला.

आबा वही ठेवतात. तिच्यावर 'धुके' असं लाल शाईने लिहिलंय. आमच्याकडे पीक कसं आलंय हे आण्यांत सांगायची जुनी रीत आहे. सोळा आणे म्हणजे रान भरून पीक, चार आणे म्हणजे कपाळाला हात. आबांनी हीच आणेवारी, वाटेतलं एकेक गाव धरून, चष्म्यावरच्या धुक्याला लावली; सोळा आणे म्हणजे काच ठार पांढरी. 'बटाटा. कळंबपर्यंत निरंक. जंक्शनला चार आणे. भवानीनगरला बारा आणे.' 'अंगाचा साबण, कोरडा. सहा आणे. डोळे झोंबले.' 'दाढीचा फेस. तीन आणे. वास चांगला.' आमच्या भागातल्या तलाठ्यांनी इतकं मन लावून कधी पिकं पाहिली असतील असं मला वाटत नाही.

दात घासायची पेस्ट त्यांनी आठवडाभर लावली. धुकं गेलं, पण काचेवर इतके ओरखडे पडले की काचच गेली. मग नाकाच्या शेंड्यावर चिकटपट्टी लावून पाहिली. श्वास वर जाऊ नये म्हणून. ती पट्टी काढायला विसरून ते दिवसभर प्रयोगशाळेत वावरले, आणि आलेल्या प्रत्येकाने त्यांना नाकाला काय झालं म्हणून विचारलं. प्रत्येकाला त्यांनी शास्त्र समजावलं. त्या दिवशी एकही नमुना चाळला गेला नाही.

सगळ्यात देखणा प्रयोग होता ठिबकच्या नळीचा. शेतात ठिबक सिंचनाला वापरतात ती काळी नळी त्यांनी हातभर कापली, एक टोक हेल्मेटात तोंडाजवळ बसवलं आणि दुसरं टोक खांद्यावरून मागे सोडलं. श्वास नळीतून बाहेर, काच कोरडी. कल्पना वाईट नव्हती. पण बारामतीत शिरताना वाहतूक पोलिसाने अडवलं आणि हे काय लावलंय म्हणून विचारलं. आबा त्या नळीतूनच उत्तर देऊ लागले. पोलीस आधी हसला, मग घाबरला, मग त्याने आबांना गाडीवरून उतरवून श्वासाची तपासणी केली. माळकरी माणसाची दारूसाठी तपासणी झाल्याचं दुःख आबांना महिनाभर पुरलं.

त्यानंतर चष्मा हेल्मेटच्या बाहेरून लावायचा प्रयोग झाला. चड्डीचं इलॅस्टिक काढून चष्म्याला बांधलं आणि चष्मा हेल्मेटला घातला. आबा आत, चष्मा बाहेर. समोरून पाहणाऱ्याला हेल्मेटच वाचन करत निघालंय असं वाटायचं. वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'आतून निरंक. बाहेरून दव. सोळा आणे.'

शेवटी मीच त्यांना भिगवण चौकाजवळच्या एका हेल्मेटवाल्याकडे नेलं. त्याने हेल्मेट उलटंसुलटं केलं, आतला फोम दाबून पाहिला, चष्मा नाकावर कसा बसतो ते पाहिलं आणि म्हणाला, "आबा, तुमच्या चष्म्याला साबण लावलाय, हेल्मेटला वारा यायला भोकं हायत. एवढ्यावर नाकानं श्वास घेतला तर धुकं धरायचं काम न्हाय. गाडीवर बोलता का तुमी?"

"कुणासंगं बोलणार?" आबा एकदम तडकले. "एकटाच असतो की मी!"

"मग प्रश्नच मिटला. तोंड बंद ठिवा."

आबा दुकानातून तरातरा बाहेर पडले. त्या माणसाला धंद्यातलं काही कळत नाही असं त्यांनी मला रस्ताभर सांगितलं. मला मात्र नवल वाटलं. ज्या माणसाने काचेला बटाटा, साबण, फेस आणि पेस्ट चोळली, त्याला फक्त तोंड मिटून बसायचा उपाय एवढा का झोंबावा?

आबा तसे बडबडे. पण शास्त्रावर. घरातलं, मनातलं काही विचारा, आबा मुके. त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल नाशिकला असते. इंजिनिअर आहे, एका कंपनीत कामाला आहे, लग्न होऊन चार वर्षं झाली. ती आठवीत गेली तेव्हा आबांनी तिला बारामतीच्या शाळेत घातलं आणि तिथपासून इंजिनिअर होईपर्यंत नऊ वर्षं रोज मोटारसायकलवर मागे बसवून आणलं आणि नेलं. तेव्हाही मला लिफ्ट मिळत नव्हतीच, पण तेव्हा कारण तरी डोळ्यांना दिसायचं. पोरगी मागून अखंड बोलत असायची. हात हलवून, हसून, कधी रागावून. आबा पुढे नुसती मान हलवत.

आता ती रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करते. मी शेजारच्याच बाकावर डबा खात असतो. आबांची बाजू मला पाठ झालीय. "हां. जेवलीस का? ... जेवलो. ... बरं हाय. ... बरं. ठिवू?" आणि ठेवतात. मग फोनकडे बघत बसतात, आणि भाकरीचा पुढचा घास तोडायला त्यांना बराच वेळ लागतो. मी एकदा म्हटलं, "अहो, पोरगी आहे का वीज मंडळाची तक्रार? दोन शब्द बोला की." तर म्हणाले, "समदं बरं हाय म्हणल्यावर बोलायचं काय?"

गेल्या मार्गशीर्षात मात्र समदं बरं राहिलं नाही. लासुर्ण्याच्या अलीकडे रस्त्याला वळण आहे. रस्ता वळला, आबा वळले नाहीत. मोटारसायकल सरळ उसात. पाणी दिलेला ऊस, चिखल पोटरीपर्यंत. आत उसाला पाणी देत असलेल्या शेतकऱ्याने सळसळ ऐकली आणि बिबट्या आला म्हणून तो बोंब ठोकत बांधावर चढला. आमच्याकडे उसात बिबट्या निघतो, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. माणसं काठ्या घेऊन गोळा झाली, तर उसातून हेल्मेट घातलेला चिखलाचा पुतळा लंगडत बाहेर आला आणि म्हणाला, "मारू नका, चष्म्यावर धुकं हुतं."

मी पोट धरून हसलो. आबांचा गुडघा सुजला होता आणि पंधरा दिवस ते घरी होते, हे कळल्यावरही हसलो. मग एका रात्री स्नेहलचा मला फोन आला आणि माझं हसू आटलं.

"काका, त्या दिवशी उसाच्या जागी ट्रॅक्टर असता तर?" ती म्हणाली. "मी आबांना सांगितलंय. पुन्हा असं होणार असेल तर गाडीची किल्ली आईकडे. यष्टीने जायचं. ते म्हणतात, धुकं गेलं. तुम्ही एकदा त्यांच्या मागे बसून या. त्यांना खरंच दिसतं का ते बघा, आणि मला खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते फायनल."

असा मी परीक्षक झालो. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या मोटारसायकलीवर बसायचं तिकीट मला मिळालं, तेही नाशिकहून.

आबांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते माझ्याशी फार गोड वागले. डब्यातला ठेचा पुढे केला. माझ्या खुर्चीचा मोडका पाय ठोकून दिला. शेवटी हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, गाडी गेली तर मी काय करू हो?" मी म्हटलं, "मी करतो तेच. यष्टीत बसा. खिडकी मिळाली तर झोप पण लागते." त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, माणसाला गाडीचा एवढा लोभ बरा नव्हे.

परीक्षेच्या दिवशी कडाक्याची थंडी. मी कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून कडेला उभा. आबा आले आणि खरोखर थांबले. मला ते इतकं अनोळखी होतं की मी क्षणभर हात करतच राहिलो.

"बसा. पर एक हाय. वाटंत बोलायचं न्हाय," आबा म्हणाले.

"तुमच्या मागे बसून मी काय बोलणार?"

"तुमी न्हाय वो. मी." असं म्हणून त्यांनी काच खाली केली.

निघालो. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. मी मान वाकवून आरशात त्यांचा चष्मा बघत होतो. काचा लख्ख. खड्डे चुकवत होते, बैलगाडीला वळसा घालत होते. मी मनातल्या मनात अहवाल टाइप करायला घेतला. पण आबांची पाठ ताठ होती, अवघडलेली. भरल्या देवळात शिंक दाबून धरलेल्या माणसाची असते तशी.

भवानीनगर मागे पडलं. रस्त्यावर पुढे गतिरोधक आला. आबांनी गाडी हळू केली आणि हेल्मेटातून आवाज आला, "ताई, धर. गचका हाय."

मी छप्पन्न वर्षांचा मिशीवाला माणूस. ताई म्हणून मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. मी धरलं.

गचका गेला. आबांची पाठ सैल झाली. आणि मग ते बोलायला लागले. माझ्याशी नाही. मी मागे आहे हे ते पार विसरले होते.

"शेवगा लई लागलाय औंदा. तुजी आई म्हणती नाशकाला पाठवू. मी म्हणलं, पोचंपत्तोर वाळून काड्या व्हतील. तरी पाठवीन म्हणती. ... खालच्या रानात डाळिंबाला तेल्या आलाय, ताई. आईनं तुला सांगितलं नसंल. निम्मी बाग काढायला लागंल. काढू. पेरू लावू. तुला पेरू आवडतो. ... गुडघा बरा हाय. जिना चढताना वाईच कळ येती, पर ते तुला कशाला सांगू. ..."

बावीस वर्षांत मी या माणसाच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं.

"परवा तू फोनवर इचारलंस, आबा, घरचं आन् कंपनीचं दोन्ही वढवत न्हाय, नोकरी सोडू का. मी म्हणलं, बघ तुला काय वाटतं ते. तसं म्हणायचं नव्हतं गं मला. तोंडाला ईना. सोडू नको, ताई. नऊ वरसं ह्या गाडीवर थंडीवाऱ्यात..."

मी आरशात पाहिलं. चष्मा पांढराफटक होता. आणि समोर, रस्त्याच्या मधोमध, ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या.

"आबा! ट्रॉली!"

आबांनी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरलं, गाडी आडवी होता होता राहिली, आणि आम्ही थांबलो तेव्हा मागच्या ट्रॉलीतल्या उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, माझ्या मफलरला लागत होती. ट्रॉलीखाली पंक्चर काढत बसलेला ड्रायव्हर बाहेर आला. त्याने आम्हाला बघितलं, आमच्या आणि ट्रॉलीच्या मधलं वीतभर अंतर बघितलं आणि मग जे बोलला त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "म्हाताऱ्या, आंधळा हायस का रं?"

आबांनी गाडी ढकलत ट्रॅक्टरच्या पुढे नेऊन कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि ते कालव्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"आता सांगणार तुमी तिला," आबा म्हणाले.

"सांगावं लागेल, आबा. आत्ता मेलो असतो आपण."

"व्हय. सांगा. खरं हाय ते." ते कालव्याच्या पाण्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "फोन हातात घेतला की मला काय सुचत न्हाय, भाऊसाहेब. आमाला बोलायची सवय ती हितं. गाडीवर. एकमेकांचं तोंड दिसत न्हाय, समोर नुसता रस्ता. ती मागनं बोलायची, मी हूं म्हणायचो. नऊ वरसं नुसतं हूं म्हणलं. ती गेल्यावर वाटलं, आपण कायच बोललो न्हाय की तिच्यासंगं. म्हणून आता बोलतो. उघड्या हेल्मेटात बोललं तर लोक बघत्यात, म्हाताऱ्याला याड लागलं म्हणत्यात."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल तर वाटलंच, पण जास्त माझ्याबद्दल. इतकी वर्षं मी या माणसाला रिकाम्या सीटवरून चिक्कू ठरवत होतो.

मी स्नेहलला फोन लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला.

"काका, दिसतं का त्यांना?"

"दिसतं. तोंड बंद असलं की अगदी स्वच्छ दिसतं. बोलायला लागले की काही दिसत नाही."

"पण गाडीवर ते कुणाशी बोलतात?"

"तुझ्याशी," मी म्हणालो.

ती बारीक आवाजात म्हणाली, "द्या त्यांना."

मी फोन आबांच्या हातात दिला. आबांनी तो कानाला लावला, खाकरले, आणि म्हणाले, "हां. जेवलीस का?"

सकाळचे सव्वासात वाजले होते.

"... बरं. ... बरं हाय. ठिवू?"

मी फोन हिसकावून घेतला. तिला म्हटलं, "थांब, ठेवू नकोस." मग मोटारसायकल मोठ्या स्टँडवर चढवली, तोंड रस्त्याकडे करून, आणि आबांना म्हणालो, "बसा गाडीवर."

"गाडी बंद हाय."

"बंदच राहू दे. बसा. चष्मा घाला. हेल्मेट घाला."

"भाऊसाहेब, हे काय..."

"शास्त्र आहे त्यात. बसा म्हणतो ना."

ते बसले. दोन्ही हात आपोआप हँडलवर गेले. मी हेल्मेटच्या फोममध्ये कानापाशी फोन खुपसला आणि त्यांची काच खाली केली. मग चार पावलं मागे जाऊन उभा राहिलो. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. एक मिनिट गेलं असेल. हेल्मेटातून हूं नाही की चूं नाही. मी आशा सोडली.

"ताई," आबा म्हणाले, "गाडी उभी हाय. भिऊ नको."

मग, "न्हाय, तू बोलू नको. आज मी बोलतो. ... व्हय, किल्लीचं ऐकलं मी. चालत्या गाडीवर परत तोंड उघडणार न्हाय. तुजी शपथ. अशीच उभी करून बोलीन रोज. ... तू उचलशील का पर सकाळचं? ... बरं. ... बरं, ऐक. नोकरी सोडू नको. म्हणलं, सोडू नको! बघ तुला काय वाटतं ते, असं म्हणलो मी, ते खोटं हुतं. मला वाटतं तू करावी. मी येतो तिकडं. ... आगं, लेकीच्या घरी बाप ऱ्हात न्हाय हे मला बी ठावं हाय. जळू दे ते. महिनाभर सुट्टी टाकतो. सयपाक येत न्हाय मला, पर भांडी घासतो. बावीस वरसं काचंची भांडी धुतोय, एक फुटलं न्हाय. सासूबाईस्नी सांग, बाप येतोय भांडी घासायला. ... रडू नको. ताई. रडू नको गं. ..."

हा माणूस लेकीच्या लग्नानंतर चार वर्षांत नाशिकला तीनदा गेला होता आणि तिन्ही वेळा चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत आला होता. मुक्काम केला नव्हता. लेकीच्या घरी पाणी पितानासुद्धा जिथे माणसं अवघडतात, तिथला हा माणूस. मी कालव्याकडे तोंड केलं आणि मफलर नीट करत बसलो, बराच वेळ.

मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. पंक्चर निघालं होतं. ड्रायव्हरने चढल्या चढल्या गाणी लावली, आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर लावतात तशी, दोन गावं उठतील एवढ्या आवाजात. तो आमच्याजवळ आला आणि थांबला. बंद मोटारसायकलवर हेल्मेट घालून, हँडल धरून बसलेला, चष्म्याच्या जागी दोन पांढरे गोळे असलेला म्हातारा आणि त्याचं तोंड अखंड चाललेलं, हे त्याने बघितलं. अर्ध्या तासापूर्वीचा राग अजून चेहऱ्यावर होता.

"काय झालं वो?" तो माझ्याकडे बघून ओरडला. "गाडी बंद पडली का डोकं?"

मी जवळ गेलो. म्हणालो, "काही नाही. बापलेक बोलतायत."

त्याने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मागच्या रिकाम्या सीटकडे. मग काही न विचारता त्याने हात घालून गाणी बंद केली, आणि ऊस भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या पायी चालल्यासारख्या हळू आमच्यासमोरून पुढे काढल्या.